मुलांना समाजकामाची गोडी कशी लावायची? मुंबईकरांनो, या जरा

माहीमची_मनवा

लेकाच्या शाळेने यंदा सातवीच्या मुलांना एक फॉर्म दिलाय. 'समाजसेवेचे दहा तास.' तारीख, ठिकाण, केलेलं काम, तिथल्या जबाबदार व्यक्तीची सही आणि दोन फोटो. त्याच संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोडगा निघाला. एका बाबांच्या ओळखीचा वृद्धाश्रम, रविवारी सकाळी सगळ्यांनी जायचं, केळी-बिस्किटं वाटायची, फोटो, सही. दीड तासात दहा तास उरकले. त्या दिवशी केळी घेऊन आलेला हा तिसरा ग्रुप होता, असं तिथल्या मावशींनीच सांगितलं.

तक्रार करायला धागा काढलेला नाही (थोडीशी आहे, असो).

मी वाढले गिरगावातल्या चाळीत. तिथे समाजसेवा वगैरे कुणी म्हणत नव्हतं. गणपतीत चपला सांभाळायला बसवायचे, पंगतीत मीठ-लिंबू वाढायला लावायचे, कुणाच्या आजीला दवाखान्यात न्यायचं असलं की रिकाम्या दिसणाऱ्या पहिल्या पोराला हाक जायची. आता आम्ही चौदाव्या मजल्यावर. शेजारी कोण राहायला आलंय हे लिफ्टमध्ये कळतं. मुलाचा दिवस शाळा, क्लास आणि फुटबॉल यात संपतो, आणि हाक मारणारं कुणी नाही.

काही गोष्टी करून बघितल्या. दादर चौपाटीची सफाई: पहिल्यांदा उत्साह, पुढच्या वेळी 'परत तेच?'. सोसायटीत जुनी पुस्तकं-कपडे गोळा करणं: मुलांनी दारोदार फिरून ढीग जमवला, तो टेम्पोत गेला, पुढे त्याचं काय झालं ते त्यांना दिसलंच नाही. मग एक गोष्ट न ठरवता झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना बारीक अक्षर दिसेनासं झालं. लेक एकदा पेपर वाचून दाखवायला गेला आणि आता जातोच. आधी क्रीडा पान, मग निधनवार्ता (क्रम आजोबांचा), मग शब्दकोडं. आजोबा कोडं डोक्यात सोडवतात, त्यामुळे 'आडवा सात, पाच अक्षरी, तिसरं अक्षर र' असं प्रत्येक चौकटीचं वर्णन करावं लागतं. याला जरा उशीर झाला की इंटरकॉम वाजतो, 'काय रे, आज सुट्टी का?'

माझ्या मते सगळं त्या इंटरकॉमवर आहे. चौपाटी काही त्याची वाट बघत बसली नव्हती. आपण गेलो नाही तर कुणाचं तरी अडतं, एवढं कळलं की मूल टिकतं. मग आपण भाषण द्यायची गरज उरत नाही.

तर मुंबईत, घरापासून फार लांब नाही, खर्चाचं नाही, आणि मुलाचं असणं-नसणं ज्यात खरंच जाणवेल असं काय काम दहा ते पंधरा वयाच्या मुलांना देता येईल? घरातले अनुभव लिहा. 'हल्ली संस्कारच कमी पडतात' हा प्रतिसाद पोचला असं समजा. :)

टोमणे_सम्राट

सोप्पंय. वाय-फायचा पासवर्ड आजोबांकडे देऊन ठेवा.

अण्णा_परळकर

मनवाताई, विषय चांगला काढलात. मी लहानपणी राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत जायचो. सेवा दल १९४१ चं, पण आमच्या गिरणगावात पुढेही कितीतरी वर्षं त्याचा जोर होता. शाखेत आधी खेळ, मग गाणी, मग झाडू. झाडू शेवटी असायचा, कारण तोवर पोरं एकमेकांत रमलेली असायची. आणि शाखा घेणारा आमच्याहून तीन-चार वर्षांनीच मोठा. आई-वडील त्या बाजूला फिरकायचेसुद्धा नाहीत. आताच्या उपक्रमांत बघतो, एका मुलामागे एक पालक मोबाईल रोखून उभा. बारा वर्षांचं पोर आईचं ऐकून झाडू उचलणार नाही, अकरावीतल्या दादाने सांगितलं तर उचलेल. तुमच्या सोसायटीत असा दादा किंवा ताई शोधा, निम्मं काम झालं.

२६ जुलै २००५ आठवतो ना? सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. लोकल बंद, माणसं रुळांवरून, कमरेएवढ्या पाण्यातून घराकडे निघालेली. आमच्या चाळीतली पोरं रात्रभर चहा, बिस्किटं, पाण्याच्या कळशा घेऊन रस्त्यावर उभी होती. कुणी मीटिंग घेतली नव्हती. मंडळात वाढलेली पोरं, कुणी कुठे उभं राहायचं हे त्यांना आपोआप कळतं.

आणखी एक. टाटा हॉस्पिटलमध्ये देशभरातून पेशंट येतात. त्यांच्यातल्या कित्येकांची राहायची सोय दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत होते. मुलांना वॉर्डात नेऊ नका, जंतुसंसर्गाचा धोका पेशंटलाच असतो. पण अशा ठिकाणी आधी मोठ्यांनी जाऊन 'काय लागतं?' हे विचारावं आणि मग मुलांना त्यात घ्यावं. विचारलंत तर केळी असं उत्तर क्वचितच येईल.

सक्तीची_सुगरण

अण्णा, पोरं रात्रभर चहा घेऊन उभी होती, बरोबर. चहा करत कोण होतं? आम्ही पोरी. मंडळातही तेच. मुलांना लाऊडस्पीकर, वर्गणी आणि विसर्जन. मुलींना रांगोळी, हळदीकुंकू आणि प्रसादाची वाटी. जुन्या चाळीचे गोडवे गाताना हे पण लिहीत जा.

माझ्याकडे सरळ हिशेब आहे. आमच्या इमारतीच्या उत्सवात लेक पंगतीत वाढतो आणि नंतर पातेली घासतो. लेकीकडे पावतीपुस्तक. गेल्या वर्षी तिने एका काकांना तोंडावर सांगितलं, 'तुमची मागची वर्गणी पण राहिलीय.' काकांनी दिली.

अण्णा_परळकर

मंडळाबद्दल म्हणता ते खरं आहे. शाखेत मुली होत्या, मैदानावर बरोबरीने होत्या. मंडळात नव्हत्या.

ठिपक्यांची_लिपी

मी बरीच वर्षं अंध विद्यार्थ्यांबरोबर काम करते. मनवा, तू विचारलेलं काम आमच्याकडे तयार आहे, आणि त्याला मोठी माणसं चालतच नाहीत. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत अंध विद्यार्थ्याचा लेखनिक त्याच्याहून खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे आठवी-नववीतलं मूल. पदवीधर काका कितीही उत्साही असले तरी बाद.

लोकांना वाटतं, अक्षर चांगलं असलं की झालं. तर काम काय असतं ते नीट सांगते. आधी अख्खी प्रश्नपत्रिका वाचून दाखवायची, प्रत्येक प्रश्नाचे गुण सांगत. मग विद्यार्थी सांगेल त्या क्रमाने एकेक प्रश्न परत वाचायचा. तो बोलेल तेच लिहायचं. अडलं तर 'परत सांग' म्हणायचं, अंदाजाने वाक्य पुरं करायचं नाही. लिहून झालं की त्याने सांगितलं तर वाचून दाखवायचं. तक्ता आला तर आधी मथळे वाचायचे की एकेक ओळ, हे दोघांनी सरावात ठरवून ठेवलेलं बरं, पेपरात त्यावर वेळ जातो.

आणि सगळ्यात अवघड भाग: उत्तर चुकतंय हे कळत असलं तरी गप्प बसायचं. हातानेही नाही, आवाजातही नाही. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलांना हे फार जड जातं. एका सराव पेपरात आमच्या मुलीने सनावळीत चूक केली, लेखनिक पेन धरून नुसता थांबला. तिला त्या थांबण्यावरूनच कळलं. फाडकन म्हणाली, 'मी सांगितलं तेच लिही. चुकलं तर माझे मार्क जातील, तुझे नाही.' तो मुलगा पुढे अतिशय चांगला लेखनिक झाला. आपण मदत करतोय म्हणजे आपण वरचढ नाही, हे त्याला तिने एका वाक्यात शिकवलं. आम्ही ओरिएंटेशनमध्ये तासभर घालवतो तरी ते पोचत नाही.

तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. मूल चार तास बसू शकतं का, हात दुखतो का, ते आधी घरी बघा. लेखनिकाचं नाव, फोटो, शाळेचं पत्र हे सगळं आधी गेलेलं असतं. पेपरच्या सकाळी 'बाहेरगावी जायचं ठरलंय हो' असा पालकांचा फोन आला की आमच्या पोटात गोळा येतो. तुझं ते 'कुणाचं तरी अडतं' इथे शब्दशः खरं आहे. म्हणून मुलाआधी पालकांनी शब्द द्यायचा.

सातवीतल्या मुलासाठी वाचकाचं काम आहे: धडे, गोष्टी, चालू घडामोडी वाचून दाखवायच्या. तुझ्या लेकाने तर आजोबांकडे तयारी केलीच आहे. दादरला अंध मुलींची कमला मेहता शाळा आहे, वरळीला नॅबचं (अंधांसाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था) कार्यालय. फोन करून विचारा. लेखनिकाचे नियम मात्र त्या त्या वर्षी बोर्डाकडून तपासून घ्यायचे.

माहीमची_मनवा

बाप रे, हे मला अजिबात माहीत नव्हतं. लेकाला वाचायला दिलं. त्याचा प्रश्न: 'उत्तर चुकलं आणि मी लिहिलं तर मला पाप लागेल का?' त्याला तुमच्या मुलीचं वाक्य परत वाचायला लावलं.

टोमणे_सम्राट

हे सगळं ठीक. पण खरं बोला की. इंटरनॅशनल बोर्डात समाजसेवा अभ्यासक्रमातच आहे, परदेशी कॉलेजच्या अर्जात त्याचा रकाना असतो, म्हणून एवढा पुळका. माझ्या ऑफिसातल्या एकाने मुलीच्या नावाने 'फाउंडेशन'च काढलंय. मुलगी नववीत. लोगो झाला, काम ठरायचंय.

सरकारी_बाबू

सम्राट, रकाना असला म्हणून काम खोटं होत नाही. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) बघा. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झालं. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक निवासी शिबिर. मुंबई विद्यापीठात त्याचे दहा ग्रेस मार्क मिळतात आणि निम्मी पोरं त्या दहासाठीच येतात. आमच्या कॉलेजातही तसंच होतं. शिबिरात एका पाड्यावर आठवडाभर बंधारा घालायला दगड वाहिले. मार्क कुठल्या विषयात लागले ते आता आठवत नाही, पण त्यातले चार जण अजून त्याच पाड्यावर वह्या घेऊन जातात. पोरगं मार्कांसाठी येऊ दे, आल्यावर त्याला खरं काम द्या. फॉर्म भरून घेणाऱ्याकडे काम नसतं, ही अडचण आहे.

जाता जाता, एनएसएस अकरावीपासून आहे. त्याआधी शाळेत स्काऊट-गाईड किंवा आरएसपी (रस्ता सुरक्षा दल) असेल तर मुलाला घाला. भर चौकात शिट्टी घेऊन उभं राहिलेलं पोर जन्मात सिग्नल तोडत नाही. बापाला पण तोडू देत नाही.

वर्सोवा_वारा

चौपाटीला नावं ठेवलीत म्हणून लॉगिन केलं. :) वर्सोव्याची सफाई ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह आणि त्यांच्या एका वयस्कर शेजाऱ्याने सुरू केली. दोन माणसं होती. पुढे शेकडो लोक जोडले गेले, आणि २०१८ च्या मार्चमध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. एका दिवसाच्या इव्हेंटमधून हे झालं नसतं, आठवडे-आठवडे तेच तेच करून झालं. तेव्हा 'परत तेच?' हा लेकाचा प्रश्न बरोबरच आहे, उत्तर 'हो, परत तेच' असं आहे.

पण मुलांना नुसतं उचलायला लावलं तर कंटाळा येणारच. आम्ही मुलांना वर्गवारी करायला लावतो. थर्माकोल वेगळा, चपला वेगळ्या, गुटख्याच्या पुड्या वेगळ्या. मग दिसतात दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे. नखाएवढे तिकोनी तुकडे, वाळूत हाताने चाळून काढावे लागतात, पिशवीबरोबर भंगारात जात नाहीत कारण पिशवीपासून तुटलेले असतात. एका पोरीने मूठभर कोपरे घरी नेले आणि इमारतीत दारोदार दाखवले: कोपरा पूर्ण कापू नका, थोडासा चिकटलेला ठेवा. आता तिच्या आजीलाही तसंच कापावं लागतं, आजी वैतागते.

पावसाळ्यात जपून. ब्लू बॉटल किनाऱ्यावर येतात, दिसायला निळा फुगा, डंख सणसणीत. पायात बंद बूट, जाड हातमोजे, काचा आणि सुया मोठ्यांनीच उचलायच्या. भरतीची वेळ बघूनच जा.

मानखुर्द_लिंक_रोड

बरेच दिवस नुसती वाचक होते, आज लिहिते. वरच्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट राहिलीय. ज्यांच्याकडे सेवा करायला तुमची मुलं येतात, त्या वस्तीत आम्ही राहतो. आणि आमच्याकडची मुलं काही नुसती केळी घ्यायला बसलेली नाहीत. माझी मोठी सहावीत असल्यापासून गल्लीतल्या बायकांचे ऑनलाइन फॉर्म भरते. रेशनचं आधार लिंक, शाळेचा प्रवेश, स्कॉलरशिप, गॅसची तक्रार. ओटीपी आला की बायका धावत फोन घेऊन येतात. शेजारच्या आजीचा अंगठा मशीनवर उमटत नाही, तर हिने रेशन दुकानदाराशी भांडून दुसरं बोट लावून घेतलं. याला कुणी सर्टिफिकेट देत नाही, आम्हाला पण वाटत नाही की हे काही वेगळं आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला आमच्या वस्तीतली मुलं पाणी वाटायला उभी असतात. गावागावातून माणसं आलेली असतात, लहान मुलं हरवतात, त्यांना धीर देऊन पोलिसांच्या चौकीपर्यंत नेतात.

आता तक्रार. मे महिन्यात मोठ्या शाळेतली मुलं इंग्रजी शिकवायला आली होती. चांगली मुलं होती, मनापासून शिकवायची. जूनला शाळा सुरू झाली आणि एका आठवड्यात सगळी गायब. माझी धाकटी कितीतरी दिवस वही घेऊन त्या खोलीबाहेर बसायची, 'दीदी आज येणार' म्हणून. कुणी सांगितलं पण नव्हतं की शेवटचा दिवस आहे. मनवाताई म्हणतात मुलाची कुणीतरी वाट बघायला हवी. बघतात ना. पण मग वाट बघणाऱ्याचं काय ते पण ठरवा.

माहीमची_मनवा

ताई, हे फार नेमकं बोललात. मी फक्त माझ्या मुलाच्या बाजूने विचार करत होते. कमी दिवस येणार असाल तर पहिल्या दिवशीच शेवटची तारीख सांगायची, निदान एवढं तरी हवंच.

आणि तुमच्या लेकीसारख्या मुलीकडून आमच्या सोसायटीतली मुलं फॉर्म भरायला शिकली तर? आमच्याकडे येणाऱ्या मावशी, वॉचमनकाका, सगळ्यांनाच हे लागतं आणि आमच्या पोरांना गेमशिवाय फोनमधलं काही येत नाही.

मानखुर्द_लिंक_रोड

विचारते तिला. शिकवेल, पण ओरडते फार.

काळा_कोट

वकील आहे, म्हणून कंटाळवाणं पण गरजेचं लिहितो.

बालगृहात वाढदिवस साजरा करायचं फॅड आहे. केक आपल्या मुलाचा, टाळ्या तिथल्या मुलांच्या, मग फोटो इन्स्टाग्रामवर. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं काही प्रसिद्ध करता येत नाही. चेहरा दाखवणारा फोटो त्यात येतो. शाळेच्या फॉर्मला दोन फोटो हवे असतील तर काम करणाऱ्या हातांचे काढा, झाडूचे काढा.

दुसरं, आपल्या मुलांचं. संस्था कितीही नावाजलेली असो, मुलाला कुठल्याही मोठ्या माणसाबरोबर एकट्याने बंद खोलीत बसायची वेळ येऊ नये. आजोबांकडे वाचायला जातोय, छान. दार उघडं, घरात आणखी कुणी तरी असावं. कुणावर संशय घ्या असं म्हणत नाही, नियम सगळ्यांना सारखा असला की कुणाला लागत नाही. आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा, म्हणजे अडचणीतल्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर मुलांना पाठ असू दे. चाइल्डलाइन १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाली. काम करताना एखादं मूल हरवलेलं, मार खाल्लेलं दिसलं तर आपल्या पोरांनी हिरोगिरी न करता हा नंबर फिरवायचा.

चिमणी_कावळा

माझी पुरवणी छोटी आहे. संक्रांतीनंतरचे दोन-तीन आठवडे मांजा गोळा करा. पतंग उडवणं एक दिवस चालतं, झाडांवर, गच्चीच्या पाइपांवर, केबलवर अडकलेला मांजा वर्षभर पक्ष्यांचे पंख कापत राहतो. नायलॉनच्या मांजावर बंदी आहे, तरी दिसतोच. गच्चीवर कठड्यापासून लांब राहून मुलं सहज गोळा करू शकतात, हातमोजे घालून. वायरींना हात लावायचा नाही, झाडावर चढायचं नाही. गोळा केलेला मांजा कापून बारीक करून मगच टाका, नाहीतर कचऱ्याच्या ढिगावर कावळे अडकतात. जखमी पक्षी दिसला तर खोक्यात झाकून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला, पाणी पाजत बसू नका.

सक्तीची_सुगरण

माझा प्रश्न राहिलाच. या कामाचे मुलांना पैसे किंवा बक्षीस द्यावं का? नवरा म्हणतो द्यावं, सवय लागते. मी म्हणते, एकदा रेट ठरला की पोरगं भाव करायला लागेल.

सरकारी_बाबू

बसचं भाडं आणि वडापाव द्यावा. मोठ्या कार्यकर्त्यांना पण तेच मिळतं.

टोमणे_सम्राट

मनवा, मुद्द्याचं राहिलं. त्या फॉर्मचं काय झालं?

माहीमची_मनवा

लेकाने 'पेपर वाचून दाखवणे, शब्दकोडे' असं लिहून आजोबांची सही घेतली. बाईंनी परत पाठवला. शेरा: 'नोंदणीकृत संस्थेचा शिक्का हवा.' आजोबा आता सोसायटीच्या सेक्रेटरीच्या मागे लागलेत, सोसायटी नोंदणीकृत आहे म्हणून. शिक्का बहुतेक उद्या मिळेल.

ठिपक्यांची_लिपी, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. सोसायटीतल्या नववीच्या दोघी लेखनिक म्हणून तयार आहेत, आयांनीही शब्द दिलाय. कधी भेटायचं?

ठिपक्यांची_लिपी

व्यनि मिळाला. या शनिवारी दुपारी चालेल. दोघींनी येताना मराठीचा कुठलाही जुना पेपर आणि घड्याळ आणावं, आमच्या दोन मुलींबरोबर लगेच सरावाला बसवू. तुझ्या लेकालाही घेऊन ये, भूगोलाचे धडे वाचायला माणूस हवाच आहे.